डावं-उजवं: एका बाजूने खेळल्या जाणाऱ्या खेळांतली मुलं आणि दुखापती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पुणे परिसरात बॅडमिंटन, टेनिस, क्रिकेट, भालाफेक, टेबल टेनिस असे खेळ शिकणाऱ्या साधारण ९ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी आणि कोचसाठी आहे. तपासण्या आणि व्यायाम घरी करता येतील असेच दिले आहेत. जिथे डॉक्टर किंवा फिजिओ लागतो, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

‘एका बाजूचे खेळ’ म्हणजे नेमके कोणते?

ज्या खेळात एकच हात किंवा एकच पाय पुन्हा पुन्हा तेच काम करतो, ते सगळे. रॅकेटचे खेळ, क्रिकेटमधली गोलंदाजी आणि थ्रो, भालाफेक, तलवारबाजी, तिरंदाजी, नेमबाजी. हॉकीही यात येते, कारण स्टिक सगळे एकाच बाजूने धरतात. डावखुऱ्या खेळाडूसाठी वेगळी स्टिक नसते, त्यामुळे सगळ्यांची कंबर एकाच दिशेने वाकते. फुटबॉलमध्ये लाथ मारणारा पाय एक आणि टेकणारा दुसरा, म्हणून तिथेही फरक पडतो, पण धावण्यात दोन्ही पाय वापरले जातात, त्यामुळे तो कमी असतो. पोहणं आणि सायकल या यादीत नाहीत. मात्र फ्रीस्टाइलमध्ये कायम एकाच बाजूने श्वास घेणारी मुलं हळूहळू या यादीत येऊ लागतात.

मुलीचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड दिसतो. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. तीन वर्षं आठवड्यातून पाच दिवस टेनिस खेळणाऱ्या मुलीचे दोन्ही दंड अगदी सारखे राहिले, तर तेच नवल म्हणायचं. स्नायू वाढतात आणि हाडही वाढतं. टेनिस खेळाडूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि मजबूत असतं. पाळी सुरू होण्याआधी खेळायला लागलेल्या मुलींमध्ये हा फायदा जास्त दिसतो. दंडाच्या हाडाचा पीळसुद्धा फेकणाऱ्या हातात थोडा वेगळा राहतो, म्हणून तो हात मागे जास्त जातो आणि पुढे कमी वळतो. हा वाढीच्या वयात खेळामुळे झालेला बदल आहे. त्याला आजार म्हणू नये.

आरशासमोर उभं करून ‘हा खांदा खाली, तो वर’ असं रोज बघू नका. रॅकेटच्या हाताचा खांदा जरा खाली असणं फार सामान्य आहे, आणि सतत सांगितल्याने मूल स्वतःच्या शरीराविषयी उगाच धास्तावतं.

मग फरक धोक्याचा कधी मानायचा?

दोन बाजूंमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असला की लक्ष द्यावं, असा अंदाज क्रीडा-फिजिओ वापरतात. पण तो अंदाजच आहे. नुसत्या फरकावरून कुणाला दुखापत होईल हे सांगता येत नाही, आणि यावरचे अभ्यासही एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्या मते आकडा किती आहे यापेक्षा तो कुठल्या परिस्थितीत दिसतोय हे जास्त महत्त्वाचं. तीन गोष्टी पाहाव्यात. फरक दर तीन महिन्यांनी वाढत चाललाय का? त्याच भागात दुखतंय का? आणि मूल भराभर उंच होत असतानाच सराव वाढलाय का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर १५ टक्के फरक घेऊनही मूल आरामात खेळू शकतं. तिन्ही ‘हो’ असतील, तर ८ टक्के फरकावरही सराव कमी करायला हवा.

घरी मोजता येतं का?

येतं. मोजपट्टी, चिकटपट्टी, मोबाइल आणि वही एवढंच लागतं. दर तीन महिन्यांनी, एकाच वेळी, सरावाच्या आधी मोजा. आदल्या दिवशी मॅच झाली असेल तर दोन दिवस थांबा.

घोटा: अनवाणी पायाने भिंतीकडे तोंड करून उभं राहा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाय थोडा थोडा मागे घेत जा. टाच उचलली जाण्याच्या आधीचं शेवटचं अंतर म्हणजे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे सेंटिमीटर. साधारण १० सेंमीच्या आसपास असतं. आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक बघा, २ सेंमीहून जास्त असेल तर नोंद करा. फसवणूक बहुतेक वेळा टाचेत असते, म्हणून टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून दुसऱ्याने ती ओढून बघावी. कागद सहज निघाला की टाच उचलली आहे.

एका पायाची उडी: एका पायावर उभं राहून पुढे उडी मारायची आणि त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर राहायचं. डगमगलं तर ती उडी धरायची नाही. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यातली सर्वात लांब घ्या. कमी आकडा भागिले जास्त आकडा गुणिले १००. उदाहरणार्थ उजवा १४० सेंमी, डावा १२२ सेंमी, म्हणजे ८७ टक्के. ९० च्या खाली असेल तर त्या पायावर काम करायचं. सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवर ही तपासणी नको, मातीवर किंवा मॅटवर करा.

पोटरी: पायरीच्या कडेवर एका पायावर टाच वर-खाली. दोन सेकंदांत एक, गुडघा सरळ. थांबेपर्यंत मोजा. भिंतीला फक्त बोटं टेकवायची, जोर द्यायचा नाही.

कूस: एका कुशीवर वळून कोपरावर आडवा प्लँक, शरीर सरळ रेषेत. खुबा खाली यायला लागला की घड्याळ थांबवा. एका बाजूला ४५ सेकंद आणि दुसऱ्या बाजूला ३० असं निघालं, तर फास्ट बोलरच्या बाबतीत ते सोडून देऊ नका.

खांदा: मुलाला जमिनीवर उताणं झोपवा. दंड शरीरापासून काटकोनात बाजूला, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. ही शून्याची जागा. एकाने खांद्याचा पुढचा भाग तळव्याने हलका दाबून धरायचा. दुसऱ्याने हात आधी डोक्याच्या दिशेने आणि मग पायांच्या दिशेने वळवायचा. खांदा उचलला जाऊ लागला की थांबा. मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप मनगटाजवळ ठेवून कोन वाचा. समजा उजवा १०५ आणि ५०, म्हणजे बेरीज १५५. डावा ९० आणि ६५, बेरीज तीच १५५. पायांकडे वळणं १५ अंशांनी कमी आहे, पण बेरीज सारखी आहे, म्हणजे हाडाचा पीळ. चिंता नको. पण उजवा १०५ आणि ४० निघाला, तर बेरीज १४५. पायांकडे वळणंही डाव्यापेक्षा २५ अंशांनी कमी आहे आणि बेरीजही १० ने. इथे खांद्याचा मागचा भाग आखडलाय असं समजून ताण देण्याचे व्यायाम सुरू करा आणि फिजिओला दाखवा. घरच्या मोजणीत पाच अंश इकडे-तिकडे होणारच.

उंची वाढण्याच्या वयाचा यात काय संबंध?

सर्वात मोठा संबंध इथेच आहे. मुलींमध्ये साधारण १२ व्या आणि मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या आसपास उंची सर्वात वेगाने वाढते. आधी हाडं लांब होतात, मग स्नायू जाड होतात, आणि नव्या लांब हातापायांची सवय मेंदूला सर्वात शेवटी होते. काल नीट पडणारी सर्व्हिस आज जाळ्यात जाते. पालकांना वाटतं लक्ष नाही, कोचला वाटतं आळस आलाय.

या काळात हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट, मजबूत हाडापेक्षा आणि स्नायूच्या दोरीपेक्षाही कच्ची असते. मोठ्या माणसाचा जिथे स्नायू किंवा लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा पट्टा) दुखावतो, तिथे मुलाची ग्रोथ प्लेट दुखावते. टाचेचं, गुडघ्याखालच्या उंचवट्याचं, कोपराच्या आतल्या बाजूचं आणि खांद्याजवळच्या दंडाचं दुखणं या वयात वारंवार दिसतं ते यामुळे.

म्हणून दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करा. तीन महिन्यांत २ सेंमीहून जास्त वाढ झाली, तर पुढचे तीन महिने स्मॅश, थ्रो, वेगवान गोलंदाजी आणि उड्या यांचं प्रमाण वाढवू नका. शक्य असल्यास थोडं कमीच करा. तंत्र, पायांची हालचाल, तोल यांचा सराव चालू द्या.

मुलगा १३ वर्षांचा, फास्ट बोलर. डाव्या बाजूला कंबर दुखते. तेल लावून चोळून चालेल का?

नाही. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणाऱ्या वाढत्या वयातल्या मुलाची कंबर डाव्या बाजूला, मणक्याजवळ बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखत असेल, तर ती ‘धरली’ आहे असं समजून सोडू नका. चेंडू सोडताना कणा मागे वाकतो, बाजूला झुकतो आणि वळतो, हे तिन्ही एकाच क्षणी घडतं. त्याच क्षणी पुढचा पाय शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट किंवा त्याहूनही जास्त जोराने जमिनीवर आदळतो. खालच्या मणक्यांच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद पूल असतो. बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या त्या पुलावर सगळा भार जमतो आणि आधी सूज, मग केसाएवढी भेग पडते. भारताचा वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमराह याला २०१९ मध्ये कंबरेच्या अशाच भेगेमुळे (स्ट्रेस फ्रॅक्चर) बाहेर बसावं लागलं आणि २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली. पूर्ण वाढ झालेल्या, उत्तम देखरेखीखालच्या खेळाडूचं हे होतं, तर शाळकरी मुलाच्या कच्च्या हाडाचं काय?

घरी एवढं बघा: ज्या बाजूला दुखतं त्या पायावर उभं राहून कंबरेतून हळू मागे वाकायला सांगा. तीच टोचणारी जागा दुखली, तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद आणि आठवड्याभरात हाडांच्या डॉक्टरकडे. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो. तो नॉर्मल आला म्हणून दुसऱ्या दिवशी नेट्सला पाठवणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. हाडातली सूज एमआरआयमध्ये भेग पडण्याआधीच दिसते. सुजेच्या टप्प्यात पकडलं तर लवकर सुटका होते. भेग पडल्यावर गोलंदाजी साधारण तीन ते सहा महिने थांबते, आणि सुरू करतानाही टप्प्याटप्प्याने.

धोका वाढवणारी शैली कोणती? खांदे आणि खुबे एकमेकांशी न जुळणारी, म्हणजे मिश्र अ‍ॅक्शन. मागचा पाय पडताना खुबे समोर, पण खांदे आडवे, आणि मग चेंडू सोडण्याआधी खांदे उलट दिशेने ३० अंशांहून जास्त फिरतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागून आणि बाजूने चित्रण केलं की हे सहज दिसतं. सुधारणा कोचने करायची, पालकांनी गॅलरीतून ओरडून नाही.

किती ओव्हर टाकल्या तर चालतील?

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मर्यादा वापरायला सोप्या आहेत. १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकं. १४ आणि १५ व्या वर्षी ६ आणि १२. १६ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी ७ आणि १८. सरावात १३ वर्षांपर्यंत एका वेळी ३० चेंडू, १५ पर्यंत ३६ चेंडू, आणि असे आठवड्यात दोनच दिवस.

पुण्यात गणित चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. सकाळी अकादमीच्या नेट्समध्ये ४० चेंडू, दुपारी शाळेच्या संघाची मॅच, संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने तासभर ‘फक्त मजा म्हणून’. तीन ठिकाणच्या तीन मोठ्यांपैकी कुणालाच एकूण आकडा माहीत नसतो. हाड मात्र सगळं मोजतं. फ्रिजवर कागद लावा, रोजचे चेंडू लिहा, रविवारी बेरीज करा. टेनिस बॉलचे चेंडूही त्यात धरा, कारण पाय आदळतो तो तेवढ्याच जोराने.

चेंडूचं वजनही तपासा. १३ वर्षांखालील मुलांसाठी लेदर बॉल १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, मोठ्यांचा सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम. ‘सवय व्हावी म्हणून’ दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठा बॉल देण्यात फायदा काहीच नाही.

पावसाळ्यात गोलंदाजी बंदच असते. मग आपोआप विश्रांती मिळते ना?

विश्रांती मिळते, पण ऑक्टोबरमध्ये तीच अंगाशी येते. जूनपासून मैदान ओलं, सप्टेंबरअखेरपर्यंत गोलंदाजी जवळपास शून्य. दिवाळीच्या सुट्टीत निवड चाचण्या आणि स्पर्धा लागल्या की मुलगा शून्यावरून थेट रोज आठ षटकांवर जातो. रिकामं बसलेलं हाड तेवढा भार लगेच झेलू शकत नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून छपराखाली, छोट्या रनअपने, आठवड्यातून दोनदा १२ चेंडूंपासून सुरुवात करा. दर आठवड्याला ६ चेंडू वाढवा. सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण रनअपवर या. मधल्या काळात ओल्या सिमेंटवर अजिबात नको.

याच दिवसांत ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. कंबरेला बांधलेला ढोल, एका हातात टिपरू, तास-दोन तास उभं राहून एकाच बाजूचे ठोके, हाही एकतर्फी भारच. पथक सोडायला सांगणं आम्हाला पटत नाही, गणपतीत ते कुणी ऐकणारही नाही. पण ज्या दिवशी पथकाचा सराव असेल त्या दिवशी गोलंदाजी किंवा स्मॅशचा सराव ठेवू नका.

बॅडमिंटनमध्ये कुठल्या बाजूला जास्त धोका?

या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्यातच लिहिले गेले आणि आज हॉल पहाटे साडेपाचपासून भरलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे सर्वात जास्त येतो. उत्तर दोन भागांत आहे.

रोजची झीज रॅकेटच्या बाजूला. उजव्या हाताचा खेळाडू नेटजवळ प्रत्येक लंजमध्ये, म्हणजे लांब पाऊल टाकून वाकताना, उजवा पाय पुढे टाकतो. त्या गुडघ्याची वाटी, तिच्याखालची दोरी आणि टाचेमागची नस यांच्यावर शेकडो वेळा ताण येतो. अचानक होणारी मोठी दुखापत मात्र विरुद्ध पायाला. मागच्या बॅकहँड कोपऱ्यात शटल गेलं, खेळाडू मागे सरकत उडी मारून डोक्यावरून मारतो आणि एकट्या डाव्या पायावर उतरतो. गुडघा आत वळतो आणि लिगामेंट तुटतं. बॅडमिंटनमधल्या एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या या लिगामेंटच्या, दुखापतींची ही ठरलेली पद्धत आहे.

म्हणून लंजच्या पायाची ताकद आणि दुसऱ्या पायाचं उतरणं, दोन्ही शिकवायचं. सरावाआधी डाव्या पायावर उतरून दोन सेकंद थांबण्याच्या ८ ते १० उड्या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टाइल्सवर रेघा मारून ‘कोर्ट’ केलेलं असतं, तिथे हलका खेळ ठीक, उड्यांचा सराव नको. पावसाळ्यात हॉलच्या दाराशी बूट पुसायला फडकं ठेवा. बाहेर घालायचे बूट वेगळेच हवेत.

खांदा दुखतोय, पण खेळताना ‘गरम झाल्यावर’ थांबतो. चालू ठेवू?

११ ते १६ वयात दंडाच्या वरच्या टोकाला, बाहेरून दुखत असेल आणि थ्रो, सर्व्हिस किंवा स्मॅशनंतर वाढत असेल, तर ती ग्रोथ प्लेटची दुखापत असू शकते. ‘गरम झाल्यावर थांबतं’ हे तिच्या सुरुवातीच्या टप्प्यात ऐकायला मिळतंच. डोक्यावरून मारणं थांबवा आणि दाखवा. बहुतेकदा काही आठवडे ते तीन महिने फेकणं बंद ठेवून ती भरून येते. न थांबवता खेळत राहिलं, तर वाढीवर परिणाम होण्याची जोखीम.

भालाफेकीच्या मुलांनी वजनाकडे लक्ष द्यावं. १८ वर्षांखालील मुलांसाठी ७०० ग्रॅमचा आणि मुलींसाठी ५०० ग्रॅमचा भाला असतो. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला २०२१ मध्ये नीरज चोप्राचं नाव दिलं गेलं, तेव्हापासून भाला हातात घ्यावासा वाटणारी मुलं वाढली, हे चांगलंच आहे. पण कुठून तरी मिळालेला ८०० ग्रॅमचा भाला बारा वर्षांच्या मुलाने फेकू नये.

दुसऱ्या हातानेही खेळायला शिकवावं का?

स्पर्धेसाठी नाही, शरीरासाठी हो. सरावाच्या शेवटी दुसऱ्या हाताने २० सोपे थ्रो किंवा ५ मिनिटं रॅकेटशिवाय उलट बाजूचे स्ट्रोक. विरुद्ध बाजूने धड फिरवणं हाच त्याचा उद्देश. उलट हाताने जोर लावून मारायला सांगू नका, न सरावलेला खांदाच दुखावेल. आणि मुलाचा नैसर्गिक हात बदलायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. स्मृती मानधना मुळात उजव्या हाताची, पण फलंदाजी डाव्या हाताने करते. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि खेळला उजव्याने. मुलं आपली बाजू आपणच शोधतात.

कोणते व्यायाम, किती?

आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं. कमजोर बाजूने सुरुवात करा, आणि तिला जेवढं जमलं तेवढंच दुसऱ्या बाजूला करा. कमजोर बाजूला दुप्पट करायला लावणारेही असतात. आम्ही एका सेटपेक्षा जास्त फरक ठेवत नाही, कारण मुलं त्यात चुकीच्या पद्धतीने करायला लागतात.

खांद्यासाठी रबर बँड दाराच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधा. काखेत गुंडाळलेला टॉवेल, कोपर काटकोनात, हात पोटापासून बाहेर वळवायचा. १५ वेळा, २ ते ३ सेट. बाहेर जाताना एक सेकंद, परत येताना तीन सेकंद. परतीचा हळू भागच महत्त्वाचा, कारण स्मॅशनंतर हाताला ब्रेक लावणारे स्नायू हेच. टॉवेल पडला तर कोपर उघडतंय. मग हात छातीसमोरून आडवा ओढून ३० सेकंद, तीनदा, दुखेल इतका नाही.

कंबरेसाठी आडवा प्लँक, प्रत्येक बाजू २० ते ३० सेकंद, ३ वेळा. सोबत चार पायांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं, ८ वेळा. पाठीवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, पडली तर कंबर फिरतेय.

पायांसाठी एक पाय मागे बाकावर ठेवून बैठका, ८ वेळा. एका पायावर उभं राहून पुढे वाकणं, ८ वेळा. टाचा उचलणं १२ ते १५. पर्वतीवर नेत असाल तर चढण्याची घाई नको, उतरण्याकडे लक्ष द्या. उतरताना प्रत्येक पायरीवर गुडघा आत पडतोय का, हे मागून आणि पुढून बघता येतं, आणि तीच उत्तम तपासणी आहे.

सूर्यनमस्कार घालतो, मल्लखांबही करतो. तेवढं पुरत नाही?

बरंच पुरतं, पण दोन खाचा आहेत. सूर्यनमस्कारात बहुतेक मुलं दर वेळी तोच पाय मागे नेतात. मग दोन्ही खुब्यांना सारखा ताण मिळत नाही. एक नमस्कार उजव्याने, पुढचा डाव्याने. दुसरं, नमस्कारात ढकलणं भरपूर आहे, ओढणं अजिबात नाही. रॅकेट आणि बोलिंगच्या मुलांच्या खवाट्यामागच्या स्नायूंना ओढण्याचं काम हवं. ते मल्लखांबात, विशेषतः दोरीच्या, छान मिळतं. मात्र तिथेही मुलं सवयीच्या बाजूनेच उडी घेतात, उस्तादांना दोन्ही बाजू करून घ्यायला सांगा.

जिम कधी सुरू करावी? उंची खुंटते म्हणतात.

नीट देखरेखीखाली वजनाचे व्यायाम केल्याने उंची खुंटत नाही. सूचना ऐकून पाळता येतात त्या वयापासून हलक्या वजनाने सुरू करता येतं. १० ते १५ वेळा सहज जमेल एवढं वजन. ‘जास्तीत जास्त किती उचलतोस’ ही स्पर्धा लावू नका.

एका बाजूच्या खेळाने पाठीचा कणा वाकडा होतो का?

खेळामुळे कण्याला कायमचा बाक येतो, असं सिद्ध झालेलं नाही. वाढीच्या वयात कारण न कळता येणारा बाक साधारण १०० पैकी २-३ मुलांत असतोच, खेळणाऱ्यांतही आणि न खेळणाऱ्यांतही. पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, तळवे जोडून मुलाला पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर डॉक्टरकडे. उभं असताना वाकडं आणि वाकल्यावर सपाट दिसलं, तर ती बसण्या-उभं राहण्याची सवय.

किटबॅग आणि दप्तर?

दोन्ही पट्ट्यांची बॅग घ्या, विषय संपला. स्कूटीवर मागे बसून एका खांद्यावर किट लटकवून जाणं टाळा, ती पुढे पायाशी ठेवा.

आठवड्यात किती तास खेळावं?

साधा नियम: संघटित सरावाचे आठवड्यातले तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून जास्त नकोत. ११ वर्षांच्या मुलीला ११ तास. आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर, हवं तर एकेक महिना तोडून. पुण्यात उन्हाळी शिबिरं हा नियम मोडतात. मार्चपर्यंत आठवड्याला चार तास खेळणारं मूल परीक्षा संपताच रोज तीन तास खेळायला लागतं. शिबिरात घालायचंच असेल, तर पहिले दोन आठवडे अर्धी बॅच करू द्या.

बारा वर्षांपर्यंत दुसरा, दोन्ही बाजूंचा खेळ चालू ठेवा. पोहणं, फुटबॉल, किंवा खो-खो. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यावर ज्याचे नियम बांधले गेले, तो खो-खो अचानक थांबणं, वळणं आणि वाकणं शिकवतो, तेही फार खर्च न करता.

कधी थांबायचं आणि कधी थेट डॉक्टरकडे जायचं?

स्नायू अंगदुखीसारखे दोन्ही बाजूंनी दुखत असतील आणि दोन दिवसांत कमी होत असतील, तर चालेल. बोटाने दाखवता येणारं हाडावरचं दुखणं, लंगडणं, काही तासांत आलेली सूज, कोपर पूर्ण सरळ न होणं, गुडघा अडकणं, मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणं, यांपैकी काहीही असेल तर खेळ बंद आणि तपासणी. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी रुग्णालयात.

मॅचआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला उतरवू नका. दुखणं हाच या वयातला एकमेव भरवशाचा इशारा असतो.

मुलींसाठी वेगळं काही?

आहे. पाळी सलग तीन महिने चुकली, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर ‘खेळते म्हणून असेल’ असं म्हणून सोडू नका. खाणं सरावाच्या मानाने कमी पडतंय, याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी हाडं लवकर तडकतात. पहाटेची बॅच, मग शाळा, मग क्लास, या धावपळीत नाश्ता चुकतो. बॅचनंतर अर्ध्या तासात दूध-केळं, अंडं किंवा शेंगदाण्याची चिक्की पोटात जाईल अशी व्यवस्था करा. मुलांच्याही बाबतीत हे लागू आहे, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

रॅकेट, तार, बॉल यांनी फरक पडतो का?

पडतो. बॅडमिंटनमध्ये मोठ्यांचं बघून २८ पौंडाचा ताण मागणारी मुलं असतात. शिकणाऱ्या मुलाला १८ ते २२ पौंड पुरतात. त्याहून घट्ट तारेवर शटल लांब जाण्यासाठी कोपर आणि खांद्यानेच जोर काढावा लागतो. ग्रिप इतकी जाड नको की बोटं मिटणार नाहीत. टेनिसमध्ये १० वर्षांखालील स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून लाल, नारिंगी आणि हिरवे हळू बॉल ठेवले आहेत. पिवळा बॉल लहान मुलाच्या डोक्यावर उसळतो आणि प्रत्येक फोरहँड खांद्याच्या वरून मारावा लागतो. कोच लवकर पिवळ्यावर नेत असेल, तर कारण विचारा. बॉल किती उंचीवर मारला जातोय हे कोर्टाबाहेरून पाच मिनिटं बघितलं तरी कळतं: दहापैकी सहा-सात फटके कंबर ते छाती यांच्या मध्ये नसतील, तर अजून हिरवाच बॉल ठेवा.